रोगनिदानाचा खर्च कोणी सोसावा?

१९५०-५१ साली भारतात वर्षाला सुमारे १८३ कोटी अंडी उत्पादित होत असत. दरडोई हिशेब केला तर माणशी वर्षाकाठी पाच. २०२३-२४ साली हेच उत्पादन १४,२७७ कोटींवर गेले आणि दरडोई प्रमाण १०३ झाले. या वाढीचे श्रेय वाटताना संकरित जाती, समतोल खाद्य, उबवणी केंद्रे आणि बँकांची कर्जे यांचा उल्लेख आवर्जून होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु हजारो पक्षी एका छपराखाली दाटीवाटीने ठेवता येतात आणि तरीही ते जगतात, ही गोष्ट वाटते तितकी स्वाभाविक नाही. ज्या धंद्यात चौथा हिस्सा भांडवल काही आठवड्यांत मरून पडण्याची धास्ती असते, त्या धंद्यात शहाणा माणूस पैसा गुंतवीत नाही आणि बँकही त्याला उभे करीत नाही. ही धास्ती आटोक्यात आणण्याचे काम ज्यांनी केले ते प्रयोगशाळांतील रोगतज्ज्ञ या श्रेयाच्या वाटपात बहुधा पंक्तीबाहेरच राहतात. त्यांचे ऋण मान्य करणे हा केवळ कृतज्ञतेचा भाग नाही. त्या कामाचा खर्च कोणी सोसावा, हा सार्वजनिक अर्थकारणाचा एक महत्त्वाचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ब्रिटिश पशुवैद्यक संशोधक पीटर मार्टिन बिग्ज यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १९२६ साली जन्मलेले बिग्ज लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातून १९५३ साली पदवीधर झाले, ब्रिस्टल विद्यापीठात काही वर्षे त्यांनी अध्यापन व संशोधन केले आणि १९५९ साली ते हंटिंग्डनजवळच्या हौटन येथील कुक्कुट संशोधन केंद्रात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, स्थापन झालेले हे केंद्र केवळ कोंबड्यांच्या रोगांना वाहिलेले होते. पुढे १९७४ ते १९८६ या काळात बिग्ज त्याचे संचालक होते. १९७६ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९८९ साली त्यांना कृषिविज्ञानासाठीचे वुल्फ पारितोषिक विभागून मिळाले आणि २०२१ च्या डिसेंबरात वयाच्या पंचाण्णव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मानसन्मानांची ही यादी महत्त्वाची नाही. महत्त्वाचे आहे ते हे, की एका माणसाला एका प्रश्नावर वर्षानुवर्षे काम करू देण्यात आले आणि त्याचे फळ साऱ्या जगाच्या पदरात पडले.

तो प्रश्न होता कोंबड्यांच्या पक्षाघाताचा आणि कर्करोगाचा. १९०७ साली बुडापेस्टच्या योझेफ मॅरेक यांनी चार कोंबड्यांमध्ये पाय व पंख लुळे पडण्याचा एक विकार नोंदवला. आजारी पक्ष्याचा एक पाय पुढे व एक मागे ताणलेला, असे त्याचे नेहमीचे चित्र असते. पुढे अशा पक्ष्यांच्या यकृतात, प्लीहेत, अंडाशयात गाठीही आढळू लागल्या. परंतु कोंबड्यांमध्ये गाठी करणारा दुसराही एक रोग होता. दोन्हींत यकृत सुजते, दोन्हींत पक्षी खंगतो. शवविच्छेदनाच्या मेजावर साध्या डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. त्यामुळे कित्येक दशके या साऱ्या विकारांना एकाच गाठोड्यात बांधून एकाच नावाने ओळखले जाई. उपाययोजनाही अर्थातच एकच सुचवली जाई आणि ती बहुधा फसे.

हे दोन रोग वेगळे आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि म्हणून त्यांना नावेही वेगळी हवीत, असा आग्रह बिग्ज यांनी धरला. १९६१ साली त्यांनी पक्षाघाताच्या रोगाला ‘मॅरेक रोग’ असे नाव सुचवले. नावाचा हा वाद वरवर पाहता पंडिती वाटेल. पण त्याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा होता. एका रोगाचा विषाणू कोंबडीकडून अंड्यातून पिलाकडे जातो. त्यावर उपाय म्हणजे पैदाशीचे कळप तपासून बाधित पक्षी वेचून काढणे. दुसऱ्याचा विषाणू अंड्यातून जात नाही. तो पिसांच्या मुळांशी पिकतो आणि कोंड्याबरोबर, धुळीबरोबर साऱ्या शेडभर पसरतो. तेथे पैदाशीचा कळप कितीही निवडून घेतला तरी उपयोग होत नाही; पिलू धुळीत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याला संरक्षण मिळाले पाहिजे. निदान चुकले की एका रोगाचा उपाय दुसऱ्यावर योजला जातो आणि पैसा, श्रम व पक्षी तिन्ही वाया जातात. अचूक निदान ही उपचाराची प्रस्तावना नसून निम्मा उपचारच असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

यानंतरची वाटचाल पायरीपायरीने झाली. रोगी पक्ष्याच्या गाठीचा अर्क गाळून निरोगी पक्ष्याला टोचला तर रोग होत नसे, म्हणून हा संसर्गजन्य रोग आहे की नाही याविषयीच शंका होती. विषाणू पेशीला घट्ट चिकटून राहतो आणि जिवंत पेशीच टोचल्या तर रोग हमखास उद्भवतो, हे बिग्ज आणि त्यांचे सहकारी एल. एन. पेन यांनी १९६३ च्या सुमारास दाखवून दिले. १९६७ साली ए. ई. चर्चिल आणि बिग्ज यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये हा विषाणू पकडला. तो नागिणीच्या विषाणूच्या कुळातला निघाला. १९६९ साली चर्चिल, पेन व आर. सी. चब यांनी हाच विषाणू कोंबडीच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला आणि तो टोचल्यास पिलांचे संरक्षण होते हे सिद्ध केले. कोणत्याही प्राण्यातील कर्करोगाला लशीने आळा घालता येतो, याचा हा पहिला व्यापक पुरावा होता. माणसाच्या बाबतीत यकृताच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लशी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आल्या.

येथे आणखी एक गोष्ट घडली. हौटनची लस बाजारात स्थिरावते न स्थिरावते तोच अमेरिकेतील ईस्ट लान्सिंग येथील सरकारी प्रयोगशाळेने १९७० साली टर्की पक्ष्यात आढळणाऱ्या निरुपद्रवी विषाणूपासून अधिक सोयीची लस तयार केली; १९७२ साली नेदरलँड्समधील रिस्पेन्स यांनी तिसरी, पुढे सर्वांत प्रभावी ठरलेली लस दिली. म्हणजे हौटनच्या लशीचा बाजार फार काळ टिकला नाही. खासगी कंपनीच्या ताळेबंदात ही गुंतवणूक बहुधा तोट्यात जमा झाली असती. परंतु हौटनने विषाणू ओळखला नसता तर लशींच्या या शोधाला नेमकी दिशा मिळाली नसती. एका देशाने खर्च करावा, दुसऱ्याने त्यावर इमारत उभारावी आणि तिसऱ्याने कळस चढवावा, हा ज्ञानाचा स्वभाव आहे. आणि नेमक्या याच स्वभावामुळे बाजारपेठ त्याचे मोल पुरते चुकवू शकत नाही.

मग या संशोधनाचा लाभ झाला कोणाला? लस येण्यापूर्वी अंड्यांवरच्या कळपांत या रोगाने पाव ते तिसरा हिस्सा पक्षी मरणे ही असाधारण गोष्ट नव्हती. काही कळपांत हानी याहूनही अधिक होई. लस आल्यावर प्रारंभी ज्या कुक्कुटपालकांनी ती वापरली त्यांचा नफा वाढला. पण सर्वांनीच ती वापरल्यावर उत्पादन वाढले, स्पर्धेने भाव उतरले आणि बचतीचा मोठा वाटा अखेर अंडे विकत घेणाऱ्याच्या पदरात पडला. त्या गिऱ्हाइकाने मॅरेकचे किंवा बिग्ज यांचे नावही ऐकलेले नसते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विलिस पीटरसन यांनी कुक्कुट संशोधनावरील खर्च आणि त्यापासून समाजाला झालेला लाभ यांचा हिशेब १९६७ साली मांडला, तेव्हा या गुंतवणुकीवरील परतावा दरसाल २१ ते २५ टक्के भरला. विशेष हे, की मॅरेकवरील लस त्या हिशेबात नव्हतीच. ती नंतर आली.

परतावा एवढा घसघशीत असेल तर हे काम खासगी उद्योगांवर का सोपवू नये, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न गैरवाजवी नाही. लशीची बाटली विकता येते. जो पैसे देत नाही त्याला ती नाकारता येते. म्हणून लस बनवणारे कारखाने खासगी क्षेत्रात उभे राहतात आणि त्यांनी राहावेही. पण ‘हे दोन रोग वेगळे आहेत’ हे वाक्य बाटलीत भरून विकता येत नाही. ते एकदा छापले गेले की जगातल्या प्रत्येक पशुवैद्यकाचे होते. ‘अमुक तालुक्यात अमुक रोग शिरला आहे’ ही वार्तादेखील अशीच आहे: ज्याच्या शेडमधून ती मिळते त्याला तिचा फायदा सर्वांत कमी आणि शेजाऱ्याला सर्वांत जास्त. गावाच्या पाणवठ्याची राखण जशी कोणा एकाला परवडत नाही, तशीच रोगाची टेहळणीही एकट्यादुकट्याला परवडत नाही. तिचा खर्च सर्वांनी मिळूनच केला पाहिजे.

याला दुसरीही एक बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. लस सापडली म्हणजे प्रश्न संपला, असे मानण्याची राज्यकर्त्यांना व उद्योगालाही सवय असते. मॅरेकच्या बाबतीत ही समजूत खोटी ठरली. या रोगाच्या लशी पक्ष्याला मरणापासून वाचवतात, पण संसर्गापासून पूर्णपणे वाचवत नाहीत. लस दिलेल्या कोंबडीच्या अंगातही विषाणू वाढतो आणि पिसांच्या कोंड्यातून बाहेर पडत राहतो. १९७० नंतरच्या दशकांत शेतावरून मिळणारे विषाणू उत्तरोत्तर अधिक मारक होत गेल्याचे अमेरिकेतील रिचर्ड विटर यांच्या निरीक्षणांतून दिसून आले. टर्कीच्या विषाणूची एकटी लस अपुरी पडू लागली, तेव्हा १९८० च्या दशकात तिला दुसऱ्या लशीची जोड द्यावी लागली आणि पुढे रिस्पेन्स यांची लस सर्वत्र स्वीकारावी लागली. २०१५ साली अँड्र्यू रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले, की अतिमारक विषाणूची बाधा झालेले लसविरहित पक्षी इतक्या लवकर मरतात की विषाणूला पसरण्यास पुरेसा अवधीच मिळत नाही; उलट लस दिलेले पक्षी जगतात आणि आठवडेच्या आठवडे तो विषाणू सोडत राहतात. शेतावरच्या विषाणूची तीव्रता केवळ लशीमुळेच वाढली, असे यातून सिद्ध होत नाही. दाटीवाटीचे पालन आणि पक्ष्यांचे अल्प आयुष्य हीही कारणे असू शकतात. लस टाकून द्यावी, असा तर याचा अर्थ मुळीच नाही. अर्थ एवढाच, की रोगनियंत्रण ही एकदा बांधून मोकळे होण्याची वास्तू नसून दर पावसाळ्यापूर्वी डागडुजी मागणारे धरण आहे. धरण बांधणाऱ्याचा सत्कार होतो; डागडुजीची तरतूद मात्र अंदाजपत्रकातून सर्वांत आधी कापली जाते.

हौटनचेही हेच झाले. १९८६ साली ते केंद्र अन्य दोन पशुरोग प्रयोगशाळांबरोबर एका संस्थेत विलीन करण्यात आले. बिग्ज तिचे पहिले संचालक झाले आणि १९८८ साली निवृत्त झाले. १९९२ साली हौटन बंद झाले आणि तेथील काम कॉम्प्टनला हलवण्यात आले. तो काळ ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाला कात्री लावण्याचा होता आणि ज्या संशोधनाचा उद्योगाला उपयोग होतो त्याचा खर्च उद्योगानेच करावा, हा विचार तेथे बळावला होता. परंतु उपयोग कोणाला आणि कधी होईल, हे आधी सांगता येते काय? हौटन येथील शास्त्रज्ञांनी १९८७ साली कोंबड्यांच्या श्वासनलिकादाहाच्या विषाणूची सुमारे साडेसत्तावीस हजार अक्षरांची जनुकीय संहिता पूर्ण वाचली. कोरोना कुळातील विषाणूची संपूर्ण वाचली गेलेली ही जगातली पहिली संहिता. त्या वेळी तिचे महत्त्व कोंबड्यांपुरतेच वाटले असणार. २०२० साली याच कुळातील दुसऱ्या विषाणूने साऱ्या जगाचे व्यवहार ठप्प केले, तेव्हा त्या कुळाविषयीचे जे ज्ञान हाताशी होते त्याचा एक धागा हंटिंग्डनजवळच्या त्या कुक्कुट केंद्रापर्यंत जातो. ‘उपयोग दाखवा, मग पैसा घ्या’ या नियमात अशा कामाला जागा नसते.

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध दूरचा नाही. भारतातील पशुरोग संशोधनाचा आरंभच मुळी पुण्यात झाला. १८८९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापन झालेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. जवळच्या राणीखेत येथे आढळलेल्या कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचे वर्णन मुक्तेश्वरच्या जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२८ साली केले, आणि जग ज्याला न्यूकॅसल रोग म्हणते त्याला आपल्याकडे ‘राणीखेत’ हे नाव पडले. खेड्यातील बायाबापड्या त्यालाच मानमोडी म्हणतात. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्याच शास्त्रज्ञांनी अंड्यातील गर्भावर तो विषाणू वाढवून सौम्य केला आणि त्यापासून झालेली लस भारताबाहेर अन्य आशियाई देशांतही वापरली गेली. सार्वजनिक पैशाने, दूर डोंगरात बसून केलेल्या त्या कामावर पुढचा सारा कुक्कुट व्यवसाय उभा आहे. आज उबवणी केंद्रात एक दिवसाच्या पिलाच्या मानेच्या कातडीखाली मॅरेकची लस टोचली जाते, तीही अशाच दुसऱ्या एका सार्वजनिक कामाची देणगी होय.

असे असूनही रोगनिदानाकडे आपली दृष्टी तहान लागल्यावर विहीर खणण्याची आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची देशातील पहिली साथ जाहीर झाली. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत पाठवावे लागले आणि लक्षावधी पक्षी मारावे लागले. बाधा नवापुरात असली तरी अंडी आणि कोंबडी यांचे भाव सर्वत्र कोसळले. ज्यांच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता त्यांचेही दिवाळे निघण्याची वेळ आली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा नवापुरात हाच रोग आढळला. पुण्याच्या औंध येथे राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे आणि तिचे काम मोलाचे आहे. परंतु परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या कुक्कुटपालकाला मेलेला पक्षी ताज्या अवस्थेत तेथवर पोचवणे किती अवघड आहे, याची कल्पना शहरात बसून येणार नाही. मग तो जवळच्या औषध दुकानातून, कोणी सांगेल ते प्रतिजैविक आणून पाण्यात घालतो. रोग विषाणूचा असेल तर ते औषध निरुपयोगी असते. पण त्याच्या अतिवापराने जंतू निर्ढावतात आणि त्याची किंमत पुढे माणसांच्या इस्पितळांत मोजावी लागते. निदानावर वाचवलेला पैसा अशा रीतीने दामदुपटीने वसूल होतो.

यात केवळ प्रयोगशाळेचा प्रश्न नाही. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाच्या कायद्याने सूचित रोगांची खबर देणे मालकावर बंधनकारक केले आहे. पण कर्ज काढून पाच हजार पक्षी पाळणाऱ्या तरुणाच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. खबर दिली तर कळप मारला जाणार, शेड महिनोन्‌महिने रिकामी राहणार, हप्ते मात्र थांबणार नाहीत. खबर न देता उरलेले पक्षी रातोरात व्यापाऱ्याला विकले तर निदान खाद्याचे पैसे सुटणार. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही हे खरे. पण ते झाकण्याचा मोह व्हावा अशीच व्यवस्था असेल तर दोष एकट्या झाकणाऱ्याचा नाही. भरपाई पुरेशी आणि वेळेवर मिळेल अशी खात्री असल्याखेरीज कायद्याचे कलम कागदावरच राहील. भरपाई हा येथे दयाधर्म नसून समाजाने विकत घेतलेल्या वेळीच्या खबरीचा मोबदला आहे.

मोठ्या उद्योगसमूहांनी आपल्या पदरी तज्ज्ञ व प्रयोगशाळा ठेवल्या आहेत, तेव्हा सरकारने करदात्याचा पैसा यात का घालावा, हा आक्षेप राहतोच. त्यात तथ्यही आहे: या ज्ञानातून ज्यांची भरभराट झाली त्यांनी त्याचा भार उचलावा, हे न्यायाला धरून आहे. विकल्या जाणाऱ्या दर पिलामागे अल्पसा उपकर बसवून त्यातून जिल्हावार निदान केंद्रे चालवावीत, ही कल्पना तपासून पाहण्याजोगी आहे. मात्र पैसा उद्योगाचा असला तरी निष्कर्ष सर्वांचे असले पाहिजेत. खासगी प्रयोगशाळेतील निष्कर्ष कंपनीच्या कपाटात राहतो. कारण साथीची बातमी तिच्या विक्रीला मारक असते. कपाटात राहिलेले निदान शेजारच्या तालुक्याच्या काय कामाचे?

आणि अखेर प्रश्न माणसांचा आहे. बिग्ज हौटनमध्ये १९५९ साली आले आणि लस १९६९ साली सिद्ध झाली. या दहा वर्षांत त्यांची चार ठिकाणी बदली झाली असती, दरवर्षी त्यांच्याकडे उपयोगितेचा दाखला मागितला गेला असता किंवा त्यांचे सहकारी अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेले असते, तर त्या दोन रोगांचे गाठोडे कोण जाणे किती काळ बांधलेलेच राहिले असते. आपल्याकडे पशुवैद्यक महाविद्यालयांत आणि रोग अन्वेषण विभागांत जागा रिकाम्या ठेवून अंदाजपत्रक जुळवण्याची जी सवय लागली आहे, तिचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. न सापडलेल्या रोगाची आणि न टळलेल्या साथीची नोंद करण्यासाठी वहीत रकानाच नसतो. तो रकाना आखून ठेवणे हे अर्थमंत्र्यांचे काम आहे, आणि त्याचा आग्रह धरणे हे अंडे खाणाऱ्या प्रत्येकाचे.